अप्रेंटिस घेतल्यावर टॅक्स नक्की कुठे वाचतो? (मालक, एचआर आणि अकाउंटवाल्यांसाठी)

दर मार्चमधे कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "अरे आम्ही या वर्षी सहा अप्रेंटिस घेतलेत, त्यांच्या स्टायपेंडवर ३० टक्के जादा वजावट मिळते ना?" आणि मला दरवेळी नाही म्हणावं लागतं. मिळत नाही. पण फोन ठेवायच्या आधी हेही सांगतो की तीच पोरं उद्या तुम्ही पेरोलवर घेतली तर मिळते, आणि तीन वर्षं मिळते. मी एका फॅब्रिकेशन युनिटचं एचआर आणि अर्धं अकाउंट सांभाळतो, आमच्याकडे पहिल्या वर्षी हाच गोंधळ झाला होता, एका कन्सल्टंटने एक्सेलमधे छान आकडे काढून दिले, मालक खुश, आणि ऑडिटला सीएने सगळी रांगच कापली. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

मुद्दा एवढाच आहे की अप्रेंटिसचं वर्ष आणि नोकरीचं वर्ष हे दोन वेगळे हिशोब आहेत. ट्रेनिंग चालू असताना सरकार स्टायपेंडमधे हातभार लावतं आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) तुम्हाला लागत नाही. टॅक्सची खरी सवलत ट्रेनिंग संपून पोरगा कर्मचारी झाला की सुरू होते. हे दोन्ही एकत्र कालवलं की चुका होतात.

आधी बघा तुम्ही कुठे बसता

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, त्याला २०१४ मधे मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मधे नियम बदलले. त्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर तुमच्या मर्जीवर. मोजताना काँट्रॅक्टवरची माणसंही धरायची, इथे बरेच जण चुकतात, पेरोलवर २२ आणि ठेकेदाराचे १५ असतील तर तुम्ही ३७ आहात, २२ नाही. घ्यायचे किती तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के, म्हणजे ४० माणसांच्या युनिटला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६.

१५ टक्क्यांची वरची मर्यादा लोक विसरतात. अप्रेंटिस म्हणजे स्वस्त मजूर असं समजून अख्खी लाईन त्यांच्यावर चालवायची असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही, आणि ते बरंच आहे.

रजिस्ट्रेशन, आणि साध्या कागदावरचे 'ट्रेनी'

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर कंपनीचं रजिस्ट्रेशन करायचं, माणसांची संख्या खरी टाकायची, मग ट्रेड निवडून जागा टाकायची. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ठरलेले ट्रेड असतात त्यांना डेझिग्नेटेड म्हणतात, त्यांचा सिलॅबस आणि मुदत ठरलेली. तुमचं काम त्यात बसत नसेल, समजा पॅकिंग, स्टोअर, सीएनसी सेटिंगची एखादी खास पद्धत, तर ऑप्शनल ट्रेड घ्या, मुदत ६ महिने ते ३६ महिने ठेवता येते. आयटीआय झालेला पोरगा असेल तर बेसिक ट्रेनिंग वेगळं द्यावं लागत नाही, तो सरळ शॉपफ्लोअरवर शिकू शकतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने आयटीआयवालेच घ्यावेत असं माझं मत. डिग्री-डिप्लोमावाले हवे असतील तर त्यांची नॅट्स ही वेगळी योजना आहे, शिक्षण मंत्रालयाची, आपल्या भागासाठी तिचं बोर्ड मुंबईत आहे.

मग उमेदवार आणि तुमच्यात पोर्टलवरच कॉन्ट्रॅक्ट तयार होतं. हे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे तुमचं चिलखत आहे, खरंच. कारण कायदा अप्रेंटिसला 'प्रशिक्षणार्थी' मानतो, 'कामगार' मानत नाही, आणि पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी यातलं काही लागू होत नाही ते फक्त या कायद्याखाली घेतलेल्या अप्रेंटिसला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले त्यातही सामाजिक सुरक्षेच्या कोडमधे कर्मचारी या व्याख्येतून हा अप्रेंटिस बाहेरच ठेवलाय. पण तुम्ही लेटरहेडवर 'ट्रेनी ऑपरेटर' म्हणून पत्र देऊन पोरं घेतली, पोर्टलवर काहीच नाही, तर पीएफवाले त्याला सरळ कर्मचारी धरू शकतात. आमच्या शेजारच्या एका युनिटला असाच दोन वर्षांचा मागचा पीएफ व्याजासकट भरावा लागला, त्यांचं म्हणणं होतं की पोरं शिकतच होती हो, शिकत होती हे खरंच होतं पण कागद कुठे होता.

किती वाचतं ते बघा. ९,००० रुपयाच्या पगारावर मालकाचा पीएफ, एडली (पीएफसोबतचा विमा) आणि ॲडमिन चार्ज धरून १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के, मिळून १६.२५ टक्के, म्हणजे एका माणसामागे महिन्याला साधारण १,४६० रुपये. अप्रेंटिसवर हे शून्य.

पण यातून एक जबाबदारी अंगावर येते. ईएसआय नाही म्हणजे मशीनवर बोट कापलं तर दवाखाना आणि भरपाई तुमच्याकडून जाणार, कायदा अपघाताची भरपाई मालकावरच टाकतो. तेव्हा अपघात भरपाईच्या पॉलिसीत अप्रेंटिसांची संख्या नक्की घाला, प्रीमियम फार नसतो, आणि एजंटला स्पष्ट सांगा की हे अप्रेंटिस आहेत, कामगार नाहीत.

स्टायपेंड आणि सरकारचा वाटा

२०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे ५,००० पासून ९,००० पर्यंत ठेवला, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. मे २०२५ मधे केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हा ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, ६,८०० ते १२,३०० असा, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट करायच्या दिवशी पोर्टलवर जो दर दिसतो तोच धरा, जुन्या पीडीएफवरून ऑफर लेटर काढू नका. आणि हो, हा किमान आहे, जास्त द्यायला कोणी अडवत नाही. आमच्या भागात किमानावर चांगला वेल्डर पोरगा टिकत नाही, तीन महिन्यांत समोरच्या गेटमधे दिसतो.

नॅप्स नावाची योजना ऑगस्ट २०१६ मधे आली. त्यात सरकार ठरलेल्या किमान स्टायपेंडच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं. ७,००० वर २५ टक्के म्हणजे १,७५० होतात पण मिळणार १,५०० च, तुम्ही द्यायचे ५,५००. एका पोरामागे वर्षाला १८,०००. पहिले हे पैसे तुम्ही भरायचे आणि सरकारकडे क्लेम लावून बसायचं असं होतं, ते क्लेम कधी यायचे याचं काही खरं नसायचं. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा वाटा डीबीटीने थेट पोराच्या खात्यात जातो, तुमचा तुम्ही भरायचा आणि पोर्टलवर तसं नोंदवायचं. नॅप्सचा दुसरा टप्पा २०२५-२६ पर्यंत मंजूर होता, त्यामुळे नवी बॅच घेताना चालू नियम पोर्टलवर बघूनच बजेट करा. नॅट्समधे सरकारचा वाटा मोठा असतो, किमान स्टायपेंडच्या निम्मा, म्हणजे ९,००० वर ४,५००.

डीबीटीमुळे क्लेमची कटकट गेली पण नवी आली ती बँक खात्यांची. डीबीटी आधारवर चालते, पोराने कॅन्सल चेक एका बँकेचा दिलेला असतो आणि आधार शेवटचं लिंक झालेलं असतं भलत्याच बँकेला, कुठल्यातरी मोबाईल ॲपवर गंमत म्हणून उघडलेल्या खात्याला, तर सरकारचे १,५०० तिकडे जातात आणि पोरगा तुमच्या केबिनच्या दारात उभा, "सर माझे पैसे कापले". म्हणून जॉइनिंगच्याच दिवशी त्याला बसवून आधार कुठल्या बँकेला लिंक आहे ते चेक करून घ्या. नावाचं स्पेलिंग आधार, दहावीचं मार्कशीट आणि बँक या तिन्हीकडे एकच आहे का तेही. अर्धा तास जातो, पण पुढचे सहा महिने शांततेत जातात.

तुमचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत खात्यात गेला पाहिजे, तसा नियमच आहे. कॅश देऊ नका, कधीच, सही घेतलेलं व्हाउचर असलं तरी.

आता टॅक्सच्या दृष्टीने ट्रेनिंगच्या वर्षात काय, तर तुम्ही दिलेला स्टायपेंड हा धंद्याचा खर्च, पूर्ण १०० टक्के वजा होतो, बाकी काही नाही. सरकारने पोराच्या खात्यात टाकलेले १,५०० तुमचा खर्च नाही, तेव्हा पुस्तकात ७,००० टाकू नका, ५,५०० टाका. हसू नका, मी ही एंट्री दोन ठिकाणी बघितलीय.

३० टक्क्यांची वजावट

हे कलम म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०जेजेएए. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, पण सीएला जुना नंबर सांगा, लगेच ओळखेल. मी इथे जुनेच नंबर वापरतोय कारण बाजारात अजून तेच बोलले जातात.

वजावट काय, तर नव्याने वाढलेल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या पगारखर्चाच्या ३० टक्के, लागोपाठ तीन वर्षं. पगार तर खर्चात जातोच, त्याच्या वर हे ३०. उदाहरण घ्या, चार अप्रेंटिस ट्रेनिंग संपवून १ एप्रिलला १८,००० वर कायम झाले. वर्षाचा खर्च ८,६४,०००, त्याचे ३० टक्के २,५९,२००. तुमची पार्टनरशिप फर्म असेल आणि ३१.२ टक्के टॅक्स लागत असेल तर वर्षाला साधारण ८०,८७० रुपये वाचले, २५.१६८ टक्केवाली कंपनी असेल तर ६५,२३५. असं तीन वर्षं. आणि नव्या टॅक्स रेजीममधे बाकी बहुतेक वजावटी गेल्या तरी ही राहिलीय, त्यामुळे बरेच सीए सुद्धा "नव्या रेजीममधे काही मिळत नाही" या सवयीने ही सोडून देतात, तेव्हा तुम्हीच आठवण करा.

आता अटी, आणि अप्रेंटिस इथे का बसत नाही ते पण यातच आहे. कर्मचाऱ्याचा एकूण मोबदला महिना २५,००० च्या वर नको (मालकाचा पीएफ वाटा यात धरत नाहीत, पण ओव्हरटाइम धरून बघा). तो मान्यताप्राप्त पीएफमधे असला पाहिजे. अप्रेंटिसला पीएफच नाही, झालं, तिथेच तो बाहेर. म्हणजे ज्या गोष्टीमुळे ट्रेनिंगच्या वर्षात तुमचे पैसे वाचले त्याच गोष्टीमुळे ही सवलत अडते, दोन्ही एकाच वेळी मागता येत नाही. तुमच्याकडे २० पेक्षा कमी माणसं म्हणून पीएफ लागू नसेल तर स्वेच्छेने घेता येतो, पण फक्त टॅक्ससाठी म्हणून घ्यायच्या आधी पेन घेऊन हिशोब करा. पगार बँकेतून गेला पाहिजे, कॅशने दिला तर तो खर्च मोजत नाहीत.

मग ऑडिट. ही वजावट ज्यांना टॅक्स ऑडिट लागू आहे त्यांनाच. अंदाजे नफ्याच्या स्कीममधे रिटर्न भरणारा छोटा वर्कशॉपवाला बाहेर. आणि गंमत अशी की उलाढाल १० कोटींच्या आत आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ऑडिट लागतच नाही, म्हणजे सगळं ऑनलाईन, स्वच्छ करणारा माणूस या सवलतीला मुकू शकतो. मला हे कधी पटलं नाही पण कायदा असाच आहे.

सगळ्यात जास्त केस पडतात त्या हेडकाउंटवर. चालू धंद्यात तुमची एकूण संख्या मागच्या ३१ मार्चपेक्षा वाढलेली हवी. ३१ मार्चला ४० होते, तुम्ही चार अप्रेंटिस कायम केले, पण वर्षात पाच जण सोडून गेले, संख्या झाली ३९, तर अतिरिक्त कर्मचारी खर्च शून्य. चार पोरांचे सगळे कागद परफेक्ट असले तरी शून्य. म्हणून फेब्रुवारीतच एक यादी काढा, कोण रिटायर होतंय, कोणाचा राजीनामा पडलाय, आणि ३१ मार्चला निव्वळ वाढ दिसते का. नवीन धंदा असेल तर पहिल्या वर्षी सगळेच नवे धरतात. पण जुन्या फर्मचे तुकडे करून नवी फर्म काढली आणि माणसं तिकडे सरकवली तर ते चालत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय, कोणी हा 'जुगाड' विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

तारखेचा खेळ

त्या वर्षात किमान २४० दिवस नोकरी हवी (कपडे, पादत्राणं, चामड्याच्या धंद्याला १५० दिवस). ३१ मार्चपासून मागे मोजलं तर शेवटची तारीख येते ४ ऑगस्ट. म्हणजे तुमच्या अप्रेंटिसचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमधे संपत असेल तर त्याला कायम केल्यावर त्या वर्षी २४० दिवस भरतच नाहीत. पूर्वी तिथे सवलत बुडायची, २०१८ मधे दुरुस्ती झाली की पहिल्या वर्षी दिवस भरले नाहीत पण पुढच्या वर्षी भरले तर त्याला पुढच्या वर्षी लागला असं मानायचं. म्हणजे बुडत नाही, एक वर्ष पुढे जाते.

इथे हुशार वाचक विचारेल की १ ऑगस्टला कायम केला तर आठच महिन्यांचा पगार मोजला जाणार, चार जणांचे ५,७६,०००, त्याचे ३० टक्के १,७२,८००, मग सप्टेंबरला घेतलेला बरा की, पुढच्या वर्षी पूर्ण बारा महिने मोजले जातील. कागदावर तसं दिसतं खरं. पण हेडकाउंट मागच्या ३१ मार्चशी ताडतात आणि सप्टेंबरवाला पोरगा त्या ३१ मार्चला आधीच हजर असतो, तिथे असेसिंग ऑफिसर बोट ठेवू शकतो. मी तरी या नादी लागत नाही. अप्रेंटिसची बॅचच अशी सुरू करायची की एक वर्षाचा ट्रेड मार्चअखेर संपेल आणि १ एप्रिलला ऑफर लेटर हातात पडेल. आयटीआयचे रिझल्ट कधी लागतात त्यावर हे दरवेळी जमत नाही, पण ऑप्शनल ट्रेडमधे मुदत तुमच्या हातात असते तिथे जमतं.

पुढचं काम सीएचं, पण पाठपुरावा तुमचा. फॉर्म १०डीए मधे सीएचा रिपोर्ट रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या एक महिना आधी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या केसमधे ३० सप्टेंबरपर्यंत. आणि रिटर्न वेळेत, उशीर झाला तर वजावट गेली, दंड भरून वगैरे परत मिळत नाही.

कायम करताना मिळणारे अजून पैसे

पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना, आधी जिला ईएलआय म्हणत होते ती. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मधे तयार झालेल्या नोकऱ्यांसाठी आहे. एक लाखापर्यंत पगाराच्या प्रत्येक जादा कर्मचाऱ्यामागे मालकाला महिन्याला ३,००० पर्यंत, दोन वर्षं, मॅन्युफॅक्चरिंगला चार वर्षं. पीएफचा पगार १०,००० ते २०,००० मधे असेल तर २,०००, वर असेल तर ३,०००. अट अशी की ५० पेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन जादा, ५० किंवा जास्त असतील तर पाच जादा घ्यावे लागतात, आणि ते सहा महिने टिकले पाहिजेत.

अप्रेंटिसचा इथे एक छान फायदा होतो. ट्रेनिंगमधे त्याला पीएफ नव्हता, म्हणजे कायम करताना त्याचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पहिल्यांदाच निघतो, तो 'पहिली नोकरी' वाला ठरतो, आणि त्याला स्वतःला एका महिन्याच्या पगाराइतके, १५,००० पर्यंत, दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. हे त्याला ऑफर देतानाच सांगा, पोरं टिकतात. तुम्हाला येणारे पैसे मात्र उत्पन्नात दाखवायचे, ते करमुक्त नाहीत.

दोन गोष्टी अजून, कारण यावरून नेहमी घोळ होतो. कंपन्यांना स्किल डेव्हलपमेंटच्या खर्चावर १५० टक्के वजावट देणारं ३५सीसीडी कलम अजून जुन्या लेखांत फिरतंय, ती जादा ५० टक्क्यांची मजा एप्रिल २०२० पासून संपली. आणि राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणजे अप्रेंटिसशिप नाही. तिचं पोर्टल वेगळं, नियम वेगळे, तिथले प्रशिक्षणार्थी तुमच्या २.५ टक्क्यांत धरू नका.

फाईल कशी ठेवायची ते सांगतो. प्रत्येक पोराची एकच फाईल, पहिल्या दिवसापासून कायम होईपर्यंत तीच. पोर्टलवरच्या कॉन्ट्रॅक्टची प्रिंट, महिन्याची हजेरी, स्टायपेंडची बँक एंट्री, ट्रेनिंग संपल्याचं सर्टिफिकेट, आणि मग नवीन तारखेचं ऑफर लेटर, यूएएन, पहिल्या पीएफ चलनाची कॉपी. ट्रेनिंगचा शेवटचा दिवस आणि नोकरीचा पहिला दिवस वेगवेगळे आणि स्पष्ट दिसले पाहिजेत. आमच्याकडे एका पोराचं ऑफर लेटर मालकांनी प्रेमाने मागची तारीख टाकून दिलं होतं, ट्रेनिंग चालू असतानाची. सीएने विचारलं की मग त्या महिन्याचा पीएफ कुठाय. तो भरावा लागला.